सोलापुरात फोटोग्राफीत उतरायचंय? आधी माणसं जोडा, मग बॉडी घ्या

दर लग्नसराईच्या तोंडावर कुणी ना कुणी पोरगं विचारतंच, दादा लाखभर रुपये जमलेत, कुठला कॅमेरा घेऊ? माझं उत्तर दरवेळी एकच असतंय, की कॅमेरा लगेच घेऊ नको, आधी सांग तू काम कुणाबरोबर करणार आहेस. त्याला वाटतं मी टाळतोय. पण आपल्या सोलापुरात कॅमेरा यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून घेण्यापेक्षा सोबतची माणसं बघून घेतला तर पैसे पण वाचतात आणि काम पण लवकर लागतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

कसं आहे बघा, बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स मात्र पंधरा-पंधरा वर्षं चालते, आणि लेन्स कुठल्या बॉडीवर बसणार ते माउंट, म्हणजे लेन्स अडकवायचं कडं, ठरवतं. सोनीचं ई माउंट २०१० चं, कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड दोन्ही २०१८ ला आली, आणि डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या काळातलं कॅनन ईएफ, निकॉन एफ हे अजून वेगळं. ईएफची लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट झकास चालते, पण आरएफची लेन्स जुन्या डीएसएलआरवर चढत नाही. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळतात म्हणून पोरं उचलतात, आणि डी३०००, डी५००० सिरीजच्या बॉडीत फोकसची मोटरच नसते त्यामुळं सगळं हातानं फिरवत बसावं लागतं. आता समजा तुम्ही ज्या दादाकडं सेकंड शूटर, म्हणजे जोडीचा दुसरा फोटोग्राफर, म्हणून जाणार त्यांच्याकडं सगळं कॅनन आहे आणि तुम्ही सोनी घेतला. भर मंगलाष्टकात तुमची लेन्स अडकली, बॅटरी संपली, फ्लॅशनं मान टाकली, तर त्यांच्या बॅगेतलं काहीच तुमच्या कामाला येणार नाही, बॅटरी नाही, लेन्स नाही, लांबचा फ्लॅश उडवायचा साधा ट्रिगर सुद्धा बहुतेक वेगळाच निघतो. शिवाय एका अल्बममध्ये दोन कंपन्यांचे स्किन टोन जुळवायला एडिटिंगवाल्याची रात्र जाते. म्हणून ज्या टीमबरोबर पहिली दोन-तीन वर्षं काढायचीत त्यांचं जे माउंट तेच आपलं, कुठली कंपनी भारी हा वाद नंतर घाला की.

आणि घ्यायच्या आधी भाड्यानं वापरा. शहरात बॉडी, लेन्स, लाइट दिवसाच्या भाड्यानं मिळतात, पण अनोळखी पोराला कुणी लाखाची वस्तू हातात देत नाही. ओळखीनं मिळते. म्हणजे इथंही माणसंच आली.

आता काम काय करायचं ते ठरवा, कारण लग्नाचा किट आणि नान्नजच्या माळावर वाइल्डलाइफला लागणारा किट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लग्नाचं आधी सांगतो, कारण आपल्याकडं पोट त्याच्यावरच चालतं. पैशाचे वाटे करताना बॉडीला निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, हे माझं ठाम मत. बॉडीबरोबर जी १८-५५ किट लेन्स येते ती झूम केली की एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा प्रकाश जास्त), आणि एफ २.८ ची लेन्स त्याच ठिकाणी चौपट प्रकाश आत घेते. कार्यालयातल्या अंधुक स्टेजवर किट लेन्सला जिथं आयएसओ (हा वाढवला की फोटो उजळतो पण दाणेदार होतो) ६४०० लागतो तिथं एफ २.८ ला १६०० मध्ये भागतंय, एवढा तो फरक. त्यामुळं साधी क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरची बॉडी आणि तिच्यावर १७-७० किंवा १८-५० एफ २.८ हा जोड महागड्या बॉडीवर किट लेन्स लावण्यापेक्षा कितीतरी चांगले फोटो देतो. क्रॉप सेन्सरवर ५० एमएमची लेन्स ७५-८० सारखी वागते हे पण लक्षात असू द्या, पोर्ट्रेटला छान, पण जुन्या पेठेतल्या वाड्यात हळद चालू असते, खोली दहा बाय दहाची, त्यात वीस बायका, तिथं पाठ भिंतीला टेकली तरी ५० मध्ये नवरीचा नुसता चेहराच बसतो. तिथं १७-१८ चं रुंद टोक पाहिजेच.

फ्लॅश एक पाहिजे आणि तो छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर उडवून मारायला शिका. गोडॉक्ससारखे फ्लॅश परवडणारे आहेत आणि शहरात बहुतेकांकडं तेच असल्यानं एकाच्या ट्रिगरवर दुसऱ्याचा फ्लॅश चालतो. डीजे आणि एलईडी वॉल असलेल्या हॉलमध्ये फोटोत आडवे पट्टे येतात त्याला लोक कॅमेऱ्याचा दोष समजतात, पण आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ला ठेवला की पट्टे बरेचसे जातात. एलईडी वॉलचं गणित थोडं वेगळं असतं, तिथं शटर थोडं थोडं बदलून बघावं लागतं.

दोन कार्ड स्लॉटवाली बॉडी परवडत असेल तर तीच घ्या आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तेच फोटो लिहायला लावा. लग्न परत लागत नाही. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असलं की सेकंदाला कमीत कमी ३० एमबी लिहिण्याची हमी, फोटो आणि साध्या फोर-के व्हिडिओला ते पुरतं. एक २५६ चं घेण्यापेक्षा दोन १२८ ची घ्या. घरी आल्यावर जेवायच्या आधी कॉपी, एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत घराबाहेर, भावाकडं नाहीतर क्लाउडवर. पार्टीला अल्बम देऊन पैसे हातात येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

लग्नापेक्षा वेगळं आणि सोलापुरात कायम चालणारं काम म्हणजे टॉवेल-चादरीचं प्रॉडक्ट शूट, आणि याच्याकडं नवी पोरं बघतच नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पूर्व भागात इतके कारखाने आहेत, आता बरेच जण ऑनलाइन विकतात, आणि रंग फोटोत वेगळा दिसला की माल परत येतो. इथं फास्ट ऑटोफोकस लागत नाही की महागडी बॉडी लागत नाही. लागतो तो दणकट ट्रायपॉड, रंग बरोबर लावायला एक राखाडी ग्रे कार्ड, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ च्या पुढचे दोन सारखे लाइट, आणि संयम. टेरी टॉवेल समोरून लाइट मारून काढला तर तो सपाट दिसतो, कागदासारखा. तोच लाइट एका बाजूला, टॉवेलच्या पातळीपर्यंत खाली आणला, की सुताच्या एकेका फाशाची सावली शेजारच्या फाशावर पडते आणि कापड बघूनच मऊ वाटायला लागतं. चादरीच्या बारीक विणीवर कधी कधी स्क्रीनवर लाटांसारखी इंद्रधनुषी नक्षी उमटते, मोआरे म्हणतात त्याला, ती एडिटिंगमध्ये काढण्यापेक्षा कॅमेरा थोडा पुढं-मागं करा, कोन थोडा बदला, बहुतेक वेळा जाते. आणि लूमच्या शेडमध्ये लेन्स बदलू नका. चालू मागावरून सुताचा भुगा सारखा हवेत उडत असतो, बॉडी उघडी राहिली की तो सेन्सरवर जाऊन बसतो आणि मग प्रत्येक फोटोत ठिपके. एकच झूम लावून आत जायचं, काम संपवून बाहेर यायचं, बॉडी आधी ब्रशनं झाडायची आणि मगच झाकण काढायचं.

गड्ड्याच्या यात्रेचं बघा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो, आणि जिथं बघाल तिथं पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्याला राखाडी करायला बघतं, म्हणून फोटो मुद्दाम उजळ करायचं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ करा, पण भर दुपारच्या उन्हात हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघत बघत, नाहीतर कापडाच्या चुण्याच उडून जातात. नंदीध्वज उंच, गर्दी दाट, मागं सरकायला जागा नाही, त्यामुळं रुंद लेन्स लावून कॅमेरा उभा धरायचा. लांबच्या ७०-२०० लेन्सची सोय एखाद्या गच्चीवरून, आणि गच्ची ओळखीशिवाय मिळत नाही. ड्रोनचं मनात असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. होटगी रोडला विमानतळ आहे, म्हणून उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरच्या नकाशात आपली जागा लाल, पिवळी की हिरवी ते बघायचं, आणि एवढ्या गर्दीवर पोलिसांना न विचारता उडवायचंच नाही.

वाइल्डलाइफवाल्यांना नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे, काळवीट आणि लांडगा गवताळ माळावर दिसतात, हिवाळ्यात हिप्परग्याला आणि उजनीच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात. इथं क्रॉप बॉडीचा फायदाच होतो, १५०-६०० ची लेन्स ९०० सारखी पोचते. पण सोलापूरच्या उन्हाचं एक आहे, दिवस वर आला की माळावरची हवा थरथरायला लागते, आणि मग दोनशे मीटरवरचं काळवीट कुठल्याच लेन्सनं शार्प येत नाही. लेन्स बदलून उपयोग नाही, सकाळी लवकर जा आणि जवळ येईपर्यंत थांबा. माळढोक आता फार थोडे राहिलेत, दिसलाच तर वन खात्याला सोडून जागा कुणाला कळवू नका, फोटोबरोबर लोकेशन टाकू नका.

सेकंड हँडबद्दल. मी सुरुवातीला सेकंड हँडच घ्या म्हणेन, पण तपासून. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर उघडा ठेवा, मोबाइलची बॅटरी एका बाजूनं आत मारून दुसऱ्या बाजूनं तिरपं बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर हरकत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेच्या कडेनं पसरलेले दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स खाली ठेवा आणि चहा पिऊन परत या. बॉडीवर एफ १६ लावून कोऱ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवर जे काय आहे ते दिसतं. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालंय तो आकडा, विचारा, निकॉनच्या फोटोतल्या माहितीतच तो असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींना वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, इलेक्ट्रॉनिक शटरचे फोटो मेकॅनिकल शटरच्या आकड्यात धरले जात नाहीत, म्हणून नुसत्या कमी आकड्यावर भाळू नका, व्हिडिओसाठी किती तास तापवलाय ते पण विचारा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूवर फ्लॅश लावून उडवा, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा, बॉडीवरचा सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतोय का बघा. बिल नसलेली वस्तू कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका, चोरीची निघाली तर निस्तरणं अवघड आहे. नवीन घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, ग्रे मार्केटच्या, म्हणजे अधिकृत मार्गानं न आलेल्या वस्तूला कंपनी इथं वॉरंटी देत नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३ च्या वर जातो तेव्हा बंद गाडीत बॅग ठेवून जेवायला जाऊ नका, ग्रीस आणि बॅटरी दोन्हीची वाट लागते. पावसाळ्यात बॅग बंद करून कपाटात पण टाकू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आत आर्द्रता ४०-५० टक्के राहिली की बुरशी धरत नाही.

आता ग्रुपचं, ज्याच्यासाठी एवढं लिहायला घेतलं.

ग्रुप तीन तऱ्हेचे असतात आणि तिन्हींकडून वेगवेगळं मिळतं. एक म्हणजे शहरातली, तालुक्यातली व्यावसायिक फोटोग्राफरांची संघटना. इथं ओळखपत्र मिळतं, दर काय चाललेत ते कळतं, पार्टीनं पैसे अडकवले तर चार लोक सोबत जाऊन बोलतात, कुणाला अपघात झाला तर त्याच्या ठरलेल्या तारखा दुसरे सांभाळून घेतात. दुसरे हौशी क्लब, रविवारी सकाळी भुईकोट किल्ला नाहीतर कंबर तलावावर फोटोवॉक, प्रदर्शन, एकमेकांच्या फोटोंवर चर्चा. तिसऱ्या देशपातळीवरच्या संस्था, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ ची, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ ची, इंडिया इंटरनॅशनल फोटोग्राफिक कौन्सिल १९८३ ची. या संस्थांमधून सलोन म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांचा रस्ता उघडतो. पोट भरायचं असेल तर पहिली, नजर तयार करायची असेल तर दुसरी, आणि तिसरीची घाई करू नका.

संघटनेत पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा, यात लाजायचं काही नाही. संस्था नोंदणीकृत आहे का आणि नोंदणी नंबर काय, वर्गणीची पावती मिळते का, आणि वर्षातून एकदा सभा घेऊन हिशोब मांडतात का. चांगल्या संघटनेचा अध्यक्ष स्वतःहून कागद दाखवतो. तुमच्याकडून ते फोटो, आधार, दुकान असेल तर शॉप अ‍ॅक्टचा कागद मागतील. २०१७ च्या कायद्याप्रमाणं थोडेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. छोट्या धंद्यांसाठीची सरकारची उद्यम नोंदणी पण करून टाका, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

ग्रुपमध्ये शिरल्यावर पहिल्याच दिवशी "बेस्ट कॅमेरा कुठला" असं टाकलं की कुणी उत्तर देत नाही. "हळद आणि छोटी लग्नं करतोय, जवळ कॅननची क्रॉप बॉडी आणि किट लेन्स आहे, तीस हजारात लेन्स घेऊ की फ्लॅश" असं विचारा, मग बघा दहा जण धावून येतात. आणि विचारत बसण्यापेक्षा कामाला जा. लाइट धरायला, वायरी गुंडाळायला, पार्टीच्या लोकांना रांगेत उभं करायला. याच्यातूनच ओळख होते.

सोलापूरला ही ओळख अजून एका कारणानं लागते. इथं एका महिन्यात तुम्ही मराठी घरचं, तेलुगू पद्मशाली घरचं, कन्नड लिंगायत घरचं लग्न आणि निकाह असं सगळं कराल, आणि प्रत्येकाचा मुख्य क्षण वेगळा. मराठी लग्नात अंतरपाट खाली येतो तो क्षण. तेलुगू लग्नात जिरं-गुळाचा लगदा वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात, जिलकर्रा-बेल्लम, मुहूर्त तोच, आणि तो दोन सेकंदांत होऊन जातो, आजूबाजूला हातच हात असतात, आधीपासून बरोबर कोनात उभं नसलात तर नुसत्या लोकांच्या पाठी मिळतात. निकाहमध्ये बायकांच्या बाजूला बाई फोटोग्राफरच लागते, ती ग्रुपमधूनच मिळते. हे कुठल्या ऑनलाइन कोर्समध्ये शिकवत नाहीत, पूर्व भागात वीस वर्षं काम केलेले अण्णा शेजारी उभं करून सांगतात, आता इकडं ये, आता खाली बस.

सेकंड शूटर म्हणून गेलात तर काही गोष्टी पाळा. कॅमेऱ्याचं घड्याळ मुख्य फोटोग्राफरच्या घड्याळाशी मिनिट-सेकंदासकट जुळवून घ्या, नाहीतर दोन कार्डांचे फोटो एकत्र केले की वरात आधी आणि अक्षता नंतर असं सगळं उलटंपालटं होतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न सोडता दोघांनी एकच केल्विनचा (प्रकाशाच्या रंगाचा) आकडा ठेवा. पार्टीला स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड देऊ नका, त्यांचा नंबर घेऊन पुढचं बारसं परस्पर उचलू नका. एकदा असं केलं की ती गोष्ट आठवड्यात सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत पोचते. फोटो स्वतःच्या पेजवर टाकायचे का हे आधीच विचारून घ्या.

यावरून कायद्याचं एक सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो पैसे देणाराच. म्हणजे लग्नाचे फोटो तुम्ही काढले तरी हक्क पार्टीचा. म्हणून बुकिंगच्या कागदावर एक ओळ वाढवा, की निवडक फोटो माझ्या कामाच्या प्रसिद्धीसाठी वापरायला परवानगी आहे, आणि सही घ्या. अ‍ॅडव्हान्स, बाकी रक्कम कधी, किती फोटो, किती दिवसात, हे पण त्याच कागदावर. ग्रुपमधल्या जुन्या लोकांकडं असा छापील नमुना असतो, मागितला की देतात.

स्पर्धेत फोटो पाठवताना पण नियम पूर्ण वाचा, काही ठिकाणी पाठवलेला प्रत्येक फोटो आयोजकांना कायमचा वापरता येईल अशी अट असते, तिथं पाठवू नका. आंतरराष्ट्रीय सलोनला फियापची, म्हणजे फोटोग्राफी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, मान्यता आहे का बघा, मान्यता असली तरच तिथं स्वीकारलेले फोटो पुढं एफियापसारख्या पदवीसाठी धरतात, आणि नेचर विभागात दोन फोटो जोडणं किंवा फोटोतलं काही पुसणं अजिबात चालत नाही. पहिल्या वर्षी फी भरून दहा ठिकाणी पाठवण्यापेक्षा क्लबमधल्या चार जाणत्या माणसांपुढं वीस प्रिंट टेबलावर मांडा, चार बाय सहाच्या साध्या प्रिंट पण चालतील, आणि त्यांना फक्त एवढंच विचारा की यातल्या कुठल्या पाच ठेवू. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, बऱ्याच संघटना त्या सुमाराला प्रदर्शन आणि कार्यशाळा ठेवतात, नवीन सभासद पण तेव्हाच जास्त घेतात, तेव्हा जुलैमध्येच कुणाला तरी भेटून फॉर्म आणून ठेवा आणि सोबत न्यायला त्या वीस प्रिंट काढून ठेवा.